न्हाणीघरातलं मातीस्नान: माती निवडण्यापासून गाळ काढण्यापर्यंत

निसर्गोपचार केंद्रात मातीलेप घेताना सगळं सोपं वाटतं. माती भिजवून तयार असते, लावणारं माणूस असतं, उन्हात बसायला मोकळी जागा असते आणि उरलेला गाळ कुठे गेला याची आपल्याला फिकीर नसते. घरी मात्र चार बाय सहाचं न्हाणीघर, एक बादली आणि आधीच गळतीची तक्रार करणारे खालच्या मजल्यावरचे शेजारी! अंगाला माती लावणं हा वीस मिनिटांचा भाग आहे. माती निवडणं, ती नीट भिजवणं आणि नंतर ती ड्रेनेजमध्ये जाऊ न देणं हे खरं काम, म्हणून या लेखात त्याच गोष्टी जास्त आहेत.

अंगाला माती लावणं आपल्याकडे नवं नाही. श्रावणीच्या विधीत भस्म आणि गोमयासोबत मृत्तिकास्नानही येतं. कोल्हापूरकडच्या तालमींत लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून ती मळतात आणि पैलवान त्याच मातीत घाम गाळतात. उपचार म्हणून माती आपल्याकडे रुजली ती मुख्यतः गांधीजींमुळे. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचं पुस्तक वाचलं आणि बद्धकोष्ठावर उपाय म्हणून पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधायला सुरुवात केली. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि गांधीजींचे सहकारी मणिभाई देसाईंनी तो उभा केला. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहतांच्या चिकित्सालयात गांधीजी उतरत असत. त्याच वास्तूत, बापू भवनात, १९८६ मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आली.

माती नेमकं काय करते

ओल्या लेपातलं पाणी वाफ होताना त्वचेची उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. साध्या ओल्या फडक्यानेही हे होतं, पण फडकं लवकर वाळतं. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, काही प्रकारांत पाणी थेट कणांच्या थरांमध्ये शिरतं, त्यामुळे गारवा बराच वेळ टिकतो. लेपाला वजन असतं, तो अंगाला सगळीकडून सारखा चिकटतो. वाळताना आकसतो आणि त्वचा ताणल्यासारखी वाटते. त्वचेवरचं तेल आणि मळ शोषून घेणं हेही माती चांगलं करते, म्हणून तर पूर्वी खेड्यापाड्यांत बायका काळ्या मातीने केस धुवायच्या. आणि अर्धा तास फोनला हात लावता येत नाही, हा फायदा मी मुद्दाम मोजतो.

पण ‘माती शरीरातली विषद्रव्यं ओढून काढते’ हे वाक्य जिथे-तिथे छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळतात, कारण बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष त्याला पोटात चिकटतं, हे खरं. पण त्वचेवर लावलेली माती रक्तातलं काही बाहेर खेचत नाही. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडाचं. अंघोळीचं पाणी तपकिरी होतं तो रंग मातीचा असतो, तुमच्या ‘टॉक्सिन’चा नव्हे. गुडघ्याच्या संधिवातात मातीच्या लेपाने काही काळ दुखणं कमी वाटल्याचं लहान अभ्यासांमधून दिसलं आहे, पण म्हणून चालू औषधं सोडायची नसतात.

कोणी या वाटेला जाऊ नये

अंगावर उघडी जखम, ताजा टॅटू, पिकलेले फोड, चिघळलेलं इसब किंवा सोरायसिस असेल तर लेप नको. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी पावलांना आणि पोटऱ्यांना माती लावू नये. बारीक खडा टोचला तरी कळत नाही, आणि त्या जखमा बऱ्या व्हायला महिने लागतात. ताप, थंडी, सर्दी, दमा असताना गार लेप घेऊ नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी गरम पाण्याचा टब टाळावा आणि लेपाचाही विचार डॉक्टरांना विचारून करावा. मासिक पाळीत पोटावर मातीपट्टी ठेवत नाहीत. लहान मुलांना सगळ्या अंगाला लेप लावू नये, त्यांचं अंग पटकन गार पडतं. वॅक्सिंग किंवा दाढी केलेल्या दिवशी त्या जागेला माती झोंबते. एक दिवस जाऊ द्या.

आणि माती पोटात घ्यायची नाही. ‘पिण्याची माती’ म्हणून पुड्या विकल्या जातात, त्यांच्याकडे बघूही नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये एका बेंटोनाइट उत्पादनात शिशाचं प्रमाण जास्त आढळल्यामुळे ते न वापरण्याचा इशारा दिला होता. माती जमिनीतून येते. जमिनीत जे असेल ते तिच्यात असतं.

माती कुठली घ्यावी

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिल्यांदा करायचं तर मुलतानी माती घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सगळीकडे मिळते, बारीक दळलेली असते आणि धुऊन सहज निघते. घेताना पाकिटावर घटक वाचा: फक्त मुलतानी माती लिहिलेलं असावं. गुलाब, चंदन, संत्र्याची साल वगैरे घातलेले ‘पॅक’ चेहऱ्यापुरते ठीक. सगळ्या अंगाला लावताना सुगंधी द्रव्यांनी खाज सुटण्याची शक्यता वाढते. काष्ठौषधींच्या दुकानात ढेकळं मिळतात, ती स्वस्त पडतात, पण कुटून चाळावी लागतात.

बेंटोनाइट हा दुसरा पर्याय. कच्छमध्ये आणि राजस्थानात बारमेरकडे याच्या खाणी आहेत. यात मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. हे पाणी प्रचंड पितं आणि फुगतं, म्हणून थोड्या भुकटीत भरपूर लेप होतो. पण ते बऱ्यापैकी अल्कधर्मी असतं. त्वचेचा सामू (पीएच) पाचच्या आसपास, तर बेंटोनाइटच्या लगद्याचा साडेआठ-नऊच्या पुढे. कोरड्या त्वचेला त्यामुळे ते जास्त सुकवतं. इथे एक सावधगिरी: इलेक्ट्रिशियन अर्थिंगच्या खड्ड्यात भरतो ते आणि कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्र्यांत साच्याच्या वाळूत मिसळतात ते बेंटोनाइटही पोत्याने, फार स्वस्तात मिळतं. त्यात काय मिसळलं आहे याची हमी नसते. ते अंगाला लावण्यासाठी नाही. सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचंच घ्या.

नाजूक त्वचेला पांढरी केओलिन, म्हणजे चिनी माती, सगळ्यांत सौम्य. ती फुगत नाही, तेलही कमी शोषते. गारव्याच्या बाबतीत मात्र बेंटोनाइटच्या मागे पडते.

शाडू माती गणपतीच्या दिवसांत भरपूर दिसते आणि ती वापरावीशी वाटते. नवी, कोरी, भेसळ नसलेली शाडू असेल तर हरकत नाही. पण विसर्जनानंतर बादलीत उरलेली माती वापरू नका, तिच्यात रंग असतात. आणि दुकानदार शाडू म्हणून जे देतो त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळलेलं नाही याची खात्री करा. प्लास्टर पाण्यात घट्ट होताना तापतं आणि जाड थर अंगावर असेल तर भाजतं. सोपी परीक्षा अशी की थोडी माती पाण्यात कालवून तासभर ठेवा. माती मऊच राहते. दगडासारखी घट्ट झाली किंवा भांडं कोमट लागलं, तर ती बाजूला काढा.

आयुर्वेदातल्या लेपांत वारुळाच्या मातीचा उल्लेख येतो. ती गुणी असेल, पण वारूळ फोडायला जाऊ नका. त्यात नाग-साप राहायला आलेले असतात हे खेड्यातल्या कुठल्याही पोराला विचारा.

शेतातली माती तयार करायची असेल तर

दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली आपली काळी माती मॉन्टमोरिलोनाइटनेच भरलेली असते, म्हणून तर उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पावसात ती बुटाला सुटता सुटत नाही. लेपासाठी ती उत्तमच आहे, पण अट एक: जिथे रासायनिक खतं आणि कीटकनाशकं पडत नाहीत, गोठा जवळ नाही, सांडपाणी जात नाही, अशाच जागेची हवी. रस्त्याकडेची, नदीकाठची, बांधकामावरची नको.

निसर्गोपचारात तीन-चार फूट खालची माती घेतात, आणि त्यामागे नुसती श्रद्धा नाही. वरच्या थरात शेण, मुळं, कृमींची अंडी, काचेचे तुकडे असं सगळं असतं. घरी विहीर किंवा पाया खणायचं काम निघालं असेल तर खालच्या थरातली दोन-तीन घमेली बाजूला काढून ठेवता येतात.

ढेकळं फोडून खडे, मुळं वेचा. पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरून कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा, मधूनमधून उलटवा. मग कुटून मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळताना नाक-तोंड मास्कने झाका, कारण मातीच्या धुळीत सिलिकाही असतो आणि तो फुप्फुसात गेलेला परत येत नाही. वारा पाठीकडून येईल असं उभं राहून अंगणात चाळा, बंद खोलीत नाही. उन्हाने सगळे जंतू मरत नाहीत. धनुर्वाताचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून जखम असेल तर लेप नाही, हे शेतातल्या मातीला दुप्पट लागू. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षं झाली तेही आठवून बघा.

भिजवणं

इथे बहुतेकांची गडबड होते. भुकटीवर पाणी ओतून ढवळलं की गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. कुंभार करतात तसं उलट करा. आधी बादलीत पाणी घ्या आणि त्यावर पूर्ण वाळलेली माती मुठीने भुरभुरत सोडा. ढवळू नका. माती आपोआप पाणी पीत खाली बसते. अर्धवट ओली माती नीट विरघळत नाही, खडखडीत वाळलेली लगेच फुटते. म्हणून भिजवण्याआधी पाकिटातलीही माती तासभर उन्हात ठेवली तर काम सोपं होतं.

मुलतानी किंवा शेतातली माती रात्री भिजवून सकाळी वापरा, साधारण दहा-बारा तास. बेंटोनाइटला तीन-चार तास पुरतात. प्रमाण म्हणाल तर एका मोठ्या माणसाच्या गळ्यापासून पायापर्यंत पातळ लेपाला दीड ते दोन किलो कोरडी माती लागते, बेंटोनाइट असेल तर पाऊण किलो पुष्कळ. पाणी आधी कमीच घ्या. शेतातल्या मातीला वजनाच्या निम्म्याच्या आसपास, मुलतानीला थोडं जास्त, बेंटोनाइटला त्याच्या कितीतरी पट. सकाळी वर पाणी तरंगत असेल तर ओतून काढा, कमी वाटलं तर मूठभर शिंपडा. मग हाताने मळा आणि बोटांना लागेल तो खडा काढा. लेप इडलीच्या पिठाइतका दाट हवा. हाताला फासून हात उभा धरला तर चिकटून राहावा, ओघळू नये.

बेंटोनाइटला धातूचा चमचा लावू नये, नाहीतर त्याची शक्ती जाते, असं खूप ठिकाणी वाचायला मिळेल. चमच्याने दोन मिनिटं ढवळून काही होत नाही. रात्रभर भिजवायला मात्र प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी घमेलं गंजून लेपात डाग येतात एवढ्यासाठी.

दूध, मध, लिंबू, हळद घालायचा मोह होतो. लिंबू उन्हात त्वचेला डाग पाडू शकतं, हळद टाइल्सच्या सांध्यांतून निघत नाही आणि दूध उन्हाळ्यात रात्रभर ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. कडुनिंबाची पानं उकळून गार केलेलं पाणी वापरा हवं तर, बाकी काही गरज नाही. भिजवलेली माती दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा, वास आला तर झाडाला घाला.

आधी पट्टी, मग पूर्ण लेप

पहिल्याच दिवशी सगळं अंग माखायला जाऊ नका. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लेप पंधरा मिनिटं लावून धुवा आणि चोवीस तास बघा. लाल चट्टा, खाज, पुरळ आली तर ती माती आपली नाही.

त्यानंतर पोटावरची पट्टी घेऊन बघा. खरं सांगायचं तर अनेकांना एवढीच पुरते आणि पूर्ण लेपाचा खटाटोप करावाच लागत नाही. जुन्या सुती धोतराचा किंवा मलमलचा तुकडा घ्या, त्यावर मधोमध दहा इंच लांब, सहा इंच रुंद आणि अर्धा ते एक इंच जाड थर पसरा, कडा दुमडून पुडी करा. ती पोटावर, बेंबीच्या खाली अर्धी आणि वर अर्धी येईल अशी ठेवून उताणं पडा. वर लोकरीचं किंवा जाड कापड घाला. वीस-तीस मिनिटं. पोट रिकामं हवं, जेवून निदान तीन तास झालेले हवेत. डोळ्यांवर छोटी पट्टी ठेवायची तर मातीचा कण आत जाणार नाही असं दुहेरी कापड घ्या, आणि लेन्स काढून ठेवा.

पट्टीने हुडहुडी भरली, पोटात गोळा आला, तर पूर्ण लेप आपल्यासाठी नाही किंवा ऋतू चुकला आहे असं समजा. मार्च ते मे आणि ऑक्टोबरचे तापलेले दिवस यासाठी सर्वांत चांगले. पावसाळ्यात लेप वाळत नाही आणि अंग नुसतं गारठतं.

न्हाणीघराची तयारी

मातीने टाइल अशी घसरडी होते की तेल सांडलेलं परवडलं. रबरी चटई अंथरा आणि प्लास्टिकचं बुटकं स्टूल आत ठेवा. लेप लावणं आणि उतरवणं दोन्ही बसूनच करायचं. घरात एकटं असताना हा उद्योग नको. कडीसुद्धा लावू नका.

नहाणी ट्रॅपची, म्हणजे पाणी ड्रेनेजमध्ये जातं त्या भोकावरची, जाळी उचलून तिच्याखाली जुन्या साडीचा चौकोनी तुकडा दोन पदरी करून घाला आणि जाळी परत बसवा. तीन गोष्टी हाताशी ठेवा: लेपाची बादली, पाणी भरलेली बादली आणि गाळ गोळा करायला एक रिकामं मोठं घमेलं किंवा बाळाचा टब. त्याशिवाय दोन जुने सुती पंचे, तेलाची वाटी आणि पिण्याचं पाणी.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आतच असेल तर पाणी आधी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत बसा. बंद खोलीत तो चालू ठेवून अर्धा तास बसणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अशी माणसं दर हिवाळ्यात जातात. एक्झॉस्ट पंखा असला तरी गिझर चालू ठेवू नका, खिडकीही उघडी असू द्या.

लेप

आधी साध्या कोमट पाण्याने अंग ओलं करा, साबण नको. रिकाम्या टबात स्टूल ठेवून त्यावर बसा, म्हणजे पडलेली माती टबातच राहील. पायांपासून सुरुवात: पावलं, पोटऱ्या, मांड्या, मग हात, पोट, छाती, खांदे. थर दोन-तीन मिलिमीटरचा, त्वचेचा रंग दिसणार नाही इतका. पाठीला घरातलं कोणीतरी लागतं. नसेल तर पाठ सोडून द्या, रुंद ब्रशने लावण्याच्या कसरतीत घसरण्यापेक्षा ते बरं. चेहरा शेवटी आणि पातळ. डोळे, ओठ, स्तनाग्रं, जननेंद्रियं आणि केस सोडा. केसांतून माती काढायला पुढचा सगळा दिवस जातो.

पहिल्या खेपेला दहा ते पंधरा मिनिटं. सवय झाल्यावर वीस-पंचवीस. केंद्रांमध्ये लेप पूर्ण वाळेपर्यंत उन्हात बसवतात, पाऊण तासही. घरी मी ते सुचवत नाही. लेप पूर्ण सुकून तडकला की तो त्वचेचा ओलावाही ओढायला लागतो आणि उतरवताना रगडावं लागतं. कडेचा रंग फिका पडू लागला, मधला भाग अजून ओलसर आहे, ती वेळ योग्य. मध्येच थंडी वाजली, डोकं हलकं झालं, कुठे जळजळ झाली तर घड्याळ बघत बसू नका, धुऊन टाका.

गच्ची असेल आणि सोसायटीची ना नसेल, तर सकाळी आठच्या आत कोवळ्या उन्हात बसायला हरकत नाही. गच्चीवर धुवायचं मात्र नाही. पावसाच्या पाइपात गाळ बसला तर पुढच्या जूनमध्ये सगळी सोसायटी तुम्हाला शोधत येईल.

उतरवणं आणि गाळ

शॉवर सुरू करायचा नाही. आधी टबातच बसून ओल्या हातांनी माती वरून खाली निरपून काढा. निम्मी तरी अशीच निघते. मग पंचा बुडवून, पिळून, पुसून घ्या, पंचा टबातच खळबळा. अंगावर नुसता धुरकट थर उरला की टब बाजूला करा आणि तांब्या-तांब्याने कोमट पाणी घ्या. काखा, गुडघ्यामागची लवण, बोटांच्या बेचक्या, कानामागे माती राहते आणि नंतर खाजते. साबण त्या दिवशी लावूच नका. मातीने आधीच तेल काढलेलं असतं.

अंग टिपून, अजून ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचं तेल किंवा नेहमीचं मॉइश्चरायझर लावा. बेंटोनाइट वापरलं असेल तर हे टाळू नका. पाणी प्या, अर्धा तास पंख्याखाली बसू नका, उन्हात दुचाकीवर निघू नका.

आता टब. तो तसाच रात्रभर ठेवा. सकाळी माती तळाशी बसलेली असते, वरचं निवळ पाणी हळूच ओता. बेंटोनाइट सहजी बसत नाही, दिवसच्या दिवस गढूळ राहतं. त्यात मूठभर मीठ टाकलं तर कण एकमेकांना धरतात आणि बसतात. पण मग तो गाळ झाडांना घालायचा नाही. बिनमिठाचा गाळ बागेत, झाडाच्या आळ्यात पातळ पसरा. कुंडीत जाड थर दिला तर वाळून टणक होतो आणि पाणी मुळांपर्यंत जात नाही, तेव्हा कंपोस्टमध्ये कालवूनच घाला. बाग नसेल तर वर्तमानपत्रावर पसरून वाळवा आणि कोरड्या कचऱ्यात टाका. एकदा अंगाला लावलेली माती पुन्हा वापरू नका.

नहाणी ट्रॅपखालचं कापड उचलून त्यातली माती कचऱ्यात, मग दोन बादल्या पाणी जोरात सोडा. पाणी रेंगाळत असेल तर ट्रॅपची वाटी काढून हाताने साफ करा. ड्रेनेजची पावडर टाकून माती विरघळत नाही.

टब असेल तर

नव्या फ्लॅटमध्ये किंवा परदेशात राहणाऱ्यांकडे बाथटब असतो आणि तिथे लेपाऐवजी मातीच्या पाण्यात बसता येतं. हे गारव्यासाठी नसतं, थकलेलं अंग सैल करण्यासाठी असतं. पाणी ३७ ते ३८ अंश, जास्त नको. एका टबाला अर्धी ते एक वाटी बेंटोनाइट खूप झालं. ते आधी झाकणाच्या बाटलीत पाणी घालून चांगलं हलवून दूधासारखं पातळ करा आणि मग टबात ओता. भुकटी थेट टाकली तर तळाशी जेलीचे गोळे होतात. पंधरा-वीस मिनिटं बसा. उठताना सावकाश उठा, गरम पाण्यातून ताडकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते.

सोडियम बेंटोनाइट तळी आणि शेततळी गळू नयेत म्हणून तळाला पसरतात, कारण ओलं झालं की फुगून भेगा बुजवतं. तुमच्या पाइपातही ते हेच करेल. म्हणून अर्धी-एक वाटीच, पूर्ण पातळ केलेली, आणि टब रिकामा करताना नळ चालू ठेवून. जुनं घर, सेप्टिक टँक किंवा भाड्याची जागा असेल तर टबाचा नाद सोडून केओलिन घ्या किंवा पट्टीवर भागवा.

किती वेळा

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पूर्ण लेप पुरेसा आहे. कोरडी त्वचा असेल तर पंधरा दिवसांतून. पोटावरची पट्टी आठवड्यातून दोन-तीनदा चालते. दुसऱ्या दिवशी त्वचा खरखरीत लागली तर वेळ कमी करा किंवा मुलतानीवरून केओलिनवर या. पुरळ दोन दिवसांत गेली नाही, फोडात पू दिसला, ताप आला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि माती कुठून आणली होती तेही त्यांना सांगा.